सतरा ते एकवीस: हर्लिंगमध्ये चांगली पोरं इथेच का गळतात

सतरा वर्षांच्या आयरिश पोराला हर्लिंग, म्हणजे आयर्लंडचा काठी-चेंडूचा पारंपरिक सांघिक खेळ, शिकवावा लागत नाही. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून तो गावच्या क्लबात वाढलेला असतो. जमिनीवरचा श्लिटर (चेंडू) हर्लीने (काठीने) उचलणं, दोन्ही बाजूंनी मारणं, समोरच्याचा फटका अडवणं, सगळं हातात बसलेलं असतं. म्हणून नियम सांगत नाही. पुढची चार वर्षं कशी काढायची तेवढंच सांगतो. चांगली पोरं याच काळात गळतात, आणि बहुतेक वेळा खेळ कमी पडला म्हणून नाही, तर अति झाला म्हणून.

काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, मायनर (सगळ्यात लहान वयाचा) संघ 2018पासून सतरा वर्षांखालचा झाला आणि 2019पासून त्याच्या वरचा गट वीस वर्षांखालचा. आता एकोणीस वर्षांच्या पोरावर हक्क सांगणारे मोजा. फिट्झगिबन कप या कॉलेजांच्या स्पर्धेचा संघ, काउंटीचा अंडर-ट्वेंटी, नशिबाने साथ दिली तर काउंटीच्या सीनियर, म्हणजे मोठ्यांच्या, संघाचं पॅनेल (निवडलेल्या खेळाडूंचा ताफा), आणि या सगळ्यांच्या आधीपासूनचा क्लब. शाळेत असेल आणि मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांतातला असेल, तर कॉलेजच्या जागी हार्टी कप ही शाळांची स्पर्धा. हंगाम आता दोन भागांत वाटलेला आहे: जुलैपर्यंत काउंटी, त्यानंतर क्लब. कागदावर वाटणी छान दिसते. पण ती जानेवारी-फेब्रुवारीला लागू पडत नाही. फिट्झगिबन तेव्हाच, सीनियरची लीग तेव्हाच, अंडर-ट्वेंटीची तयारीही तेव्हाच, आणि मैदानं चिखलाने जड झालेली.

सापळा इथे आहे, आणि तो आकड्यांतच दिसतो म्हणून आकडेच मांडतो. प्रत्येक सत्रानंतर मिनिटं लिहा आणि किती दमलात त्याला एक ते दहा गुण द्या. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. फेब्रुवारीतला एक आठवडा घ्या. मंगळवारी कॉलेजचा सराव, 70 मिनिटं, गुण 6: 420. बुधवारी फिट्झगिबनची मॅच, 60 मिनिटं, गुण 9: 540. गुरुवारी काउंटीचा सराव, 80 मिनिटं, गुण 7: 560. शुक्रवारी काउंटीने दिलेली जिम, 50 मिनिटं, गुण 5: 250. रविवारी काउंटीची मॅच: पुन्हा 540. बेरीज 2310. आदल्या आठवड्यात ती 1600 असेल, तर भार एका उडीत चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढला.

आता हेच मॅनेजरच्या जागेवर बसून बघा. कॉलेजच्या मॅनेजरला 960 दिसतात. काउंटीच्या मॅनेजरला 1350. दोघांच्याही नजरेतून आठवडा माफक आहे, दोघंही प्रामाणिकपणे म्हणतात, ‘फार काही करून घेतलं नाही.’ 2310 हा आकडा फक्त पोराच्या पायांना माहीत असतो. कुणी दुष्ट नसतं, कुणी खोटं बोलत नसतं, आणि मार्चमध्ये पोरगं लंगडत असतं. मॅनेजर आपसात बोलून घेतील या भरवशावर राहू नका. ही बेरीज तुमची तुम्हालाच करायची आहे. दर रविवारी रात्री करा आणि ती दोघांनाही एकाच मेसेजमध्ये पाठवा. आठवड्याचा भार एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त वाढू देऊ नये, हा माझा ठोकताळा. त्यापुढे गेला तर एक सराव सोडायचा. सोडायचा म्हणजे सोडायचा. ‘फक्त हलकं पळून येतो’ याला सोडणं म्हणत नाहीत.

हर्लिंगमध्ये सगळ्यात जास्त दुखावतो तो मांडीचा मागचा स्नायू. तो तुटतो तेव्हा लगेच कळतं. जांघ मात्र हळूहळू कुरतडली जाते. रोज सकाळी अंथरुणातच एक तपासणी करा. पाठीवर पडून गुडघे वाकवा, दोन गुडघ्यांच्या मध्ये मूठ धरा आणि जोरात दाबा. दुखण्याला दहापैकी तीनहून जास्त गुण द्यावे लागले तर त्या दिवशी वेगात पळायचं नाही, आणि लागोपाठ दोन दिवस तसं झालं तर फिजिओ. मांडीसाठीचे नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणीतरी धरलेले असताना, अंग हळूहळू पुढे झुकवणं) नोव्हेंबरपासून आठवड्यातून दोनदा करा. जानेवारीत सुरू केलेत तर नुसते पाय आखडतील आणि वर मॅचही खेळावी लागेल.

वेदनाशामक गोळ्या खाऊन मॅच खेळणं हा शॉर्टकट नाही, उधारी आहे. आणि मोबाइलवर ‘सहा आठवड्यांत काउंटीचा खेळाडू’ बनवून देणाऱ्या खासगी ट्रेनरांना पैसे देऊ नका. सोळाव्या वर्षी दंड फुगवण्यापेक्षा भिंतीवर चेंडू मारणं बरं. चार-पाच मीटरवर उभं राहून रोज पंधरा मिनिटं, कमजोर बाजूने दुप्पट. चेंडू परत येताना हर्लीवर मऊ थांबला पाहिजे. उडून लांब जात असेल तर पकड फार घट्ट आहे. मार्गदर्शक निवडताना मी एकच बघेन: भेटल्या भेटल्या तो ‘काल किती खेळलास?’ असं विचारतो का. न विचारणारा कितीही मेडलं मिळवलेला असो, या वयात उपयोगाचा नाही.

ब्लॉक करताना, म्हणजे समोरच्याचा फटका अडवताना, लांब उभं राहणं ही दमलेल्या पोराची हमखास चूक. पाय वेळेवर पुढे पडत नाहीत, हात तेवढे पुढे जातात, आणि समोरच्याची हर्ली पूर्ण वेगात बोटांवर येते. जवळ जाल तेवढे सुरक्षित. फटक्याला वेग यायच्या आत हर्ली आडवी पडली पाहिजे. हेल्मेटच्या तोंडावरच्या जाळीची एकही तार कापू नका, अगदी नजरेला अडत असली तरी. कापलेल्या हेल्मेटला मानक उरत नाही आणि दुखापत झाली तर भरपाईचा मार्गही बंद होतो.

हर्ल्या तीन ठेवा, एकाच लांबीच्या आणि वजनाच्या. हर्ल्या ज्या लाकडाच्या बनतात त्या ॲशच्या झाडांवरचा रोग 2012मध्ये आयर्लंडमध्ये सापडला, तेव्हापासून चांगलं लाकूड दुर्मीळ होत चाललंय. बांबूच्या आणि कृत्रिम हर्ल्याही आता सर्रास दिसतात. काहीही घ्या, पण बदल नोव्हेंबरात करा, हंगामाच्या मध्यात नको. डब्लिन-कॉर्कमधल्या मराठी घरांतली मुलंही आता क्लबांत जातात, त्यांच्या आईबाबांसाठी एवढंच: उजव्या हाताच्या मुलाचा उजवा हात हर्लीच्या वरच्या टोकाला हवा, चेंडू झेलायचा तो डाव्याने. क्रिकेटची बॅट धरलेल्या हाताची सवय नेमकी उलटी असते, ती आठव्या वर्षीच मोडा.

यादीत नाव आलं नाही म्हणून खचू नका. 2016मध्ये वॉटरफर्डच्या ऑस्टिन ग्लीसनला वर्षातला सर्वोत्तम हर्लर आणि सर्वोत्तम तरुण हर्लर हे दोन्ही किताब मिळाले, आणि घरोघरी तेच माप लावलं जातं. गॉलवेच्या जो कॅनिंगकडेही बघा. मायनरचं ऑल-आयर्लंड (देशाचं विजेतेपद) 2004 आणि 2005मध्ये, सीनियरचं थेट 2017मध्ये. इतक्या गुणी खेळाडूलाही एवढा काळ लागला. वगळलं गेलं तर मॅनेजरला दोनच गोष्टी विचारा: काय कमी आहे, आणि पुन्हा कधी बघणार. उत्तर लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात क्लबच्या सरावाला जा. तिथे मोठ्या माणसांबरोबर साठ मिनिटं खेळणं पॅनेलच्या बाकावर बसण्यापेक्षा जास्त शिकवतं.

पैशांचंही बोलून घ्या. सीनियर काउंटीचा खेळाडूसुद्धा हौशीच असतो, पगार नाही. म्हणून कॉलेज निवडताना आधी कोर्स, मग संघ. पुष्कळ खेळाडू शिक्षक होतात, कारण शाळेच्या वेळा आणि उन्हाळ्याची सुट्टी सरावाला जुळते. नर्सिंग किंवा शिफ्टची नोकरी असेल तर पहिल्याच भेटीत काउंटीला ड्युटीचं वेळापत्रक द्या, आणि रात्रपाळीनंतरचा सराव भाराच्या हिशेबात एक गुण वाढवून धरा.