विमानाला खरंच किती तास लागणार, हे तिकिटावरून असं काढा

तिकिटावर सुटायची आणि पोचायची वेळ दोन्ही त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असते, त्यामुळे सरळ वजाबाकी केली की हमखास घोळ होतो. न्यूयॉर्कहून रात्री ८ ला निघून लंडनला सकाळी ८ ला पोचलात तर १२ तास वाटतात, पण लंडन ५ तास पुढे आहे, म्हणजे प्रवास ७ तासांचाच.

अंतरावरून अंदाज काढायचा असेल तर किलोमीटरला ८५० ने भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाका. न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर साधारण ५,५०० किमी, म्हणजे साडेसहा अधिक अर्धा, बरोबर ७. फक्त अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका हां, पृथ्वी गोल आहे, लांबची विमानं उत्तरेकडे वाकडी जाताना दिसतात तो वळसा नसतो, तोच जवळचा रस्ता असतो. आणि वेबसाइटवर अंतर कधी कधी नॉटिकल मैलात देतात, तो एक मैल १.८५२ किमीचा, ते आधी बघून घ्या.

येताना तेवढाच वेळ लागेल असं मात्र धरून चालू नका, कारण वर उंचावर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे लंडनहून न्यूयॉर्कला परत जाताना सहज तासभर जास्त जातो, हिवाळ्यात तर हा फरक अजून वाढतो. मधे स्टॉप असेल तर हा हिशोब प्रत्येक टप्प्याचा वेगळा करायचा, आणि मधला थांबा त्यात वेगळा मिळवायचा.