घरातल्या मोठ्यांना विसरायला होतंय: तपासणीपासून रोजच्या सांभाळापर्यंत काय करावं

शेजारच्या नव्या सुनेचं नाव ऐनवेळी न आठवणं हा वयाचा भाग आहे. जन्मभर जी आमटी केली तिच्या फोडणीत काय घालायचं, हे ओट्यासमोर उभं राहून न सुचणं मात्र वेगळं. आपल्याकडे दोन्ही गोष्टी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात. त्यात वर्ष-दोन वर्षं निघून जातात, आणि उपचार सुरू करण्याची, कागदपत्रं उरकण्याची, मनातलं विचारून घेण्याची वेळ नेमकी तीच असते. साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे.

समजावून, रागावून किंवा घोकून घेऊन या आजारातला माणूस पूर्वीसारखा होत नाही. बदलायचं असतं ते घरानं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबानं लिहिल्या आहेत.

१. आधी लिहून ठेवा

एक वही करा आणि काय घडलं ते तारखेसह टिपा. तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं, रोजच्या देवळातून किंवा मंडईतून परतताना रस्ता चुकणं, रिक्षावाल्याला पैसे देताना हिशेब न जुळणं, बोलताना साधा शब्द न सापडणं, चाव्या फ्रिजमध्ये मिळणं, आवडीच्या भिशीला किंवा भजनाला जाणं टाळणं. एखादी चूक कोणाकडूनही होते. सहा महिन्यांच्या नोंदीत ती वाढत गेलेली दिसली, तर डॉक्टरांना गाठायचं.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. कालपरवापर्यंत ठीक असलेला माणूस दोन-तीन दिवसांत एकदम असंबद्ध बोलू लागला, गुंगीत राहू लागला किंवा दिसत नसलेल्या गोष्टी दिसतात म्हणू लागला, तर तो बहुधा अल्झायमर नसतो. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, अंगातलं पाणी कमी होणं, पक्षाघात, नवीन सुरू केलेली गोळी, यांपैकी काहीही असू शकतं. तेव्हा वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

२. डॉक्टरांकडे कसं न्यावं आणि काय तपासून घ्यावं

‘तुला विसरायला होतंय, चल दाखवू’ असं म्हटलं की आई किंवा नाना हट्टानं नाही म्हणतात. ‘बीपी आणि साखर बघून येऊ’ एवढं पुरतं, आणि ते खोटंही नसतं, कारण तेही तपासलं जाणारच असतं. वहीतल्या नोंदी डॉक्टरांना आधी कागदावर द्या. आईच्या देखत तिच्या चुकांची यादी वाचून दाखवू नका.

सुरुवात घरच्या डॉक्टरांपासून करा, पुढे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ. स्मरणशक्ती कमी होण्याची काही कारणं बरी होणारी असतात आणि ती आधी शोधावी लागतात. पूर्ण शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्व, म्हणजे बी-ट्वेल्व्ह, कमी पडणं नेहमीचं. थायरॉईड मंदावणं, नैराश्य, झोपेच्या किंवा सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, न्हाणीघरात पडून डोक्यात साचलेलं रक्त, यांचीही लक्षणं हुबेहूब तशीच दिसू शकतात. म्हणून रक्ततपासण्या, मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय, आणि कान-डोळ्यांची तपासणी करून घ्या. ऐकूच न आलेली गोष्ट लक्षात राहणार कशी? घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढ्यांच्या बाटल्यांसकट, पिशवीत घालून न्या.

मग तारीख-वार, घड्याळाचं चित्र, पाच शब्द लक्षात ठेवणं अशी चाचणी होते. ती मराठीतूनच व्हावी असा आग्रह धरा आणि शाळा किती झाली ते आधी सांगा. चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला आणि निवृत्त मुख्याध्यापकाला एकच मोजमाप लावलं, तर निदान चुकतं.

३. आजार नेमका काय आहे

स्मृतिभ्रंश हे लक्षणांचं नाव, आणि अल्झायमर हा त्याचं सर्वाधिक आढळणारं कारण असलेला आजार. जर्मन डॉक्टर आलोईस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन मांडलं. मेंदूत ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते होतात आणि पेशी मरत जातात. नव्या आठवणी साठवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर बाधित होतो. म्हणूनच आजोबा १९७२ च्या दुष्काळात कुठल्या कामावर खडी फोडली ते तपशिलात सांगतात आणि सकाळचा चहा झाला हे त्यांना ठाऊक नसतं. ते सोंग करत नसतात. सकाळचा चहा त्यांच्या मेंदूत नोंदलाच गेलेला नसतो.

रक्तदाब-मधुमेहामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊनही स्मृतिभ्रंश होतो, आणि अनेकांना दोन्ही एकत्र असतात. लुई बॉडी नावाच्या प्रकारात माणसं-प्राणी दिसण्याचे भास लवकर सुरू होतात आणि हालचाली मंदावतात. अशा रुग्णाला भासांवरची काही औषधं फार घातक ठरतात, तेव्हा हे लक्षण डॉक्टरांपासून लपवू नका.

४. औषधांकडून किती अपेक्षा ठेवावी

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, गॅलँटामाइन आणि मेमँटिन ही औषधं आपल्याकडे मिळतात. काही रुग्णांना त्यांनी काही काळ थोडी तरतरी येते. आजार थांबत नाही. मळमळ, जुलाब, नाडी मंद होणं असे त्रास झाले तर डॉक्टरांना कळवा, मनानं गोळी बंद करू नका. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या इंजेक्शनांना अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत, आजाराचा वेग थोडा कमी करतात आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यामुळे वरचेवर एमआरआय करावा लागतो. परदेशातल्या मुलानं बातमी धाडली म्हणून आशा लावून बसण्याआधी हे विचारून घ्या. आणि ‘स्मृती परत आणणारं’ महागडं टॉनिक घेऊ नका. ते पैसे पुढे मदतनीस बाईंसाठी लागणार आहेत.

रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणं, श्रवणयंत्र, रोजचं चालणं आणि माणसांत मिसळणं यांचा उपयोग मात्र होतो, रुग्णाला आणि घरातल्या पन्नाशीतल्या प्रत्येकालाही.

५. सही करता येते तोवर कागदपत्रं

हे बोलायला जड जातं, पण निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच उरका. बँकखातं संयुक्त करा, वारसनोंदी तपासा, मुदतठेवी आणि विम्याची यादी करा. इच्छापत्र करायचं असेल तर त्या दिवशीचा मानसिक क्षमतेचा डॉक्टरी दाखला सोबत जोडा. मुखत्यारपत्र केलं की झालं, असं बरेच जण समजतात. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं, आणि मग पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. पुढे उपचार कसे हवेत, कुणी ठरवायचं, हे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खाली आधी लिहून ठेवता येतं.

निवृत्तिवेतन असेल तर हयातीचा दाखला घरबसल्या मोबाइलवरून देता येतो. एटीएम कार्ड आणि ओटीपी येणारा फोन हळूहळू तुमच्याकडे घ्या. ‘केवायसी’च्या नावाखाली येणाऱ्या फोनला अशी माणसं फार लवकर बळी पडतात.

६. रोजचं बोलणं-वागणं

सगळ्यात जास्त दमवणारा भाग हाच. घटना विसरली जाते, पण त्या घटनेनं मनात उठलेला राग किंवा आनंद बराच वेळ मागे राहतो. आईला कशासाठी ओरडलात हे पाच मिनिटांत तिच्या ध्यानातून जाईल. जीव घाबरा झालेला दुपारभर राहील.

तोच प्रश्न विसाव्यांदा आला तर उत्तर पहिल्यासारखंच द्या, थोडक्यात द्या आणि हाताला काम द्या. ‘आत्ताच सांगितलं ना’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. ‘आज सोमवार, डॉक्टर नाहीत’ असं मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिलं, तर वाचता येणाऱ्यांना सुरुवातीला त्याचा आधार होतो.

‘माझ्या पाटल्या सुनेनं चोरल्या.’ हा आरोप असंख्य घरांत होतो, आणि बहुधा जी दिवसरात्र करते तिच्यावरच होतो. वस्तू स्वतःच कुठेतरी जपून ठेवलेली असते, ठेवल्याची आठवण गेलेली असते आणि मन रिकाम्या जागी कारण शोधतं. अशा वेळी खुलासे देत बसू नका. ‘पाटल्या दिसत नाहीत? चला, आपण दोघी शोधू’ म्हणा. उशीचे अभ्रे, तांदळाचा डबा, देव्हाऱ्यामागची फट या ठरलेल्या जागा आधी पाहा. खरे दागिने लॉकरमध्ये हलवा आणि हातात घालायला साध्या बांगड्या द्या. नणंदांना आणि दिरांना हा आजाराचा भाग आहे हे नवऱ्यानं स्वतः फोन करून सांगावं. सुनेनं आपली बाजू मांडत फिरावं अशी वेळ तिच्यावर आणू नका.

दिवेलागणीला अस्वस्थता वाढते. ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभं राहणं, येरझारा, रडणं. तुम्ही ‘हेच तर घर’ म्हणाल आणि वाद पेटेल. त्यांना हवं असतं ते बहुतेकदा लहानपणीचं घर किंवा नुसता आपलेपणा. ‘जाऊ या, आधी चहा घेऊ’ म्हणा, गावच्या विहिरीचं, आंब्याचं काहीतरी विचारा. सूर्य मावळायच्या आत सगळे दिवे लावा, टीव्हीवरची भांडणं बंद ठेवा, दुपारची झोप आवरती घ्या. तरीही दारातून हलत नसतील तर सोबत खाली उतरून एक फेरी मारून परत या. आरशातल्या माणसाची भीती वाटत असेल तर आरसा झाकून टाका.

वारलेल्या माणसाबद्दल विचारलं तर? ‘बाबा जाऊन दहा वर्षं झाली’ हे ऐकून आई दर वेळी नव्यानं रडते. मी तरी म्हणेन, ती बातमी पुन्हा पुन्हा देऊ नका. ‘तुला त्यांची आठवण येतेय का? त्यांना काय आवडायचं गं खायला?’ असं विचारा. हे फसवणं नाही.

आंघोळीला नकार बहुतेक वेळा थंडीमुळे, घसरण्याच्या भीतीमुळे किंवा लाजेमुळे असतो. पाणी आणि कपडे आधी तयार ठेवा, स्टुलावर बसवा, अंगावर पंचा राहू द्या. एखादा दिवस नुसतं अंग पुसलं तरी चालेल.

आणि जे उरलं आहे ते वापरा. हातांची सवय आणि सूर बरेच दिवस टिकतात. वाल सोलणं, मेथी निवडणं, वाती वळणं, कपड्यांच्या घड्या घालणं, हे त्यांना करू द्या. घडी वाकडी आली तर त्यांच्यासमोर पुन्हा घालू नका. मुलांची नावं न आठवणाऱ्या आजी हरिपाठ किंवा भूपाळी तोंडपाठ म्हणतात, तेव्हा शेजारी बसून त्यांच्याबरोबर म्हणा.

७. घर आणि बाहेर

न्हाणीघराची आतली कडी काढून टाका, आधाराचे दांडे बसवा, रात्रभर एक मंद दिवा ठेवा. सिलिंडर वापरानंतर रेग्युलेटरपाशी बंद करा. फिनेल, गोळ्या, कीटकनाशक कुलपात. पायपुसणी आणि गालिचे उचला. फर्निचर मात्र हलवू नका, ओळखीची जागा हाच त्यांचा नकाशा असतो.

नाव आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेलं कडं किंवा लॉकेट अंगावर राहू द्या. वॉचमन, वाणी, रिक्षास्टँड यांना आजाराबद्दल स्पष्ट सांगा. लपवून काहीच मिळत नाही. ताजा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बाहेर पडून सापडत नसतील तर लगेच ११२ ला फोन लावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे. शोधताना जुनं घर, जुनं ऑफिस, नेहमीचं देऊळ, एसटी स्टँड आधी पाहा.

८. आजार पुढे सरकल्यावर

बोलणं कमी होतं, चालणं थांबतं, गिळताना ठसका लागतो. ताठ बसवून, लहान चमच्यानं, मऊ भात-वरण किंवा दाटसर पेज भरवा. घोट गिळल्याशिवाय पुढचा देऊ नका, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. अंथरुणाला खिळल्यावर दर दोन तासांनी कूस बदला. नाकातून नळी घालायची का, हा प्रश्न कधीतरी येतोच. या टप्प्यावर नळीनं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, म्हणून हातानं सावकाश भरवत राहणं हाही पूर्ण आणि योग्य पर्याय आहे, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

९. सांभाळणाऱ्याचं काय

बहुतेक घरांत हे काम एकाच बाईवर पडतं: बायको, सून किंवा अविवाहित मुलगी. तिला पाठदुखी होते, झोप उडते, चिडचिड होते, आणि चिडल्याचं मनाला लागून राहतं. भावंडांनी कागदावर वाटणी करा. पुण्यात राहणाऱ्यानं आठवड्यातला एक पूर्ण दिवस घ्यावा. न्यू जर्सीत राहणाऱ्यानं रात्रीच्या मदतनिसाचा पगार द्यावा आणि वर्षातून एकदा येऊन तीन आठवडे सगळं स्वतः करावं, म्हणजे फोनवरून दिले जाणारे सल्ले आपोआप कमी होतील.

अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून या रुग्णांसाठी आणि कुटुंबांसाठी काम करते. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. आणि रात्री दोनला, आई चौथ्यांदा उठून दार वाजवत असताना तुमचाच बांध फुटला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.