इंग्लंडमध्ये एलपीए करताय? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या मराठी घरांत लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा, म्हणजे एलपीएचा, विषय निघाला की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘करायचंय, बघू निवांत.’ एलपीए म्हणजे पुढे आपली समज गेली तर आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे ते आधीच ठरवणारा कागद; पैशांचा फॉर्म वेगळा, आरोग्याचा वेगळा, आणि ज्याला अधिकार देतो तो अ‍ॅटर्नी. ओळखीपाळखीच्या लोकांना हे फॉर्म भरायला मी बरीच वर्षं मदत करते आहे. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून आता जीव कंटाळला, म्हणून लिहायला बसले. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, उत्तर आयर्लंडचा वेगळा. एडिनबरोच्या मावशीचे कागद बघून लेस्टरमध्ये सह्या करू नका.

‘आत्तापासून कशाला? आम्ही धडधाकट आहोत’

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. एलपीए करायचंच असतं धडधाकट असताना. मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५ प्रमाणे, आपण कोणाला कसले अधिकार देतोय हे सही करणाऱ्याला सही करताना कळत असायला हवं. ती समज एकदा गेली की मुलं कितीही गुणी असोत, फॉर्म करता येत नाही. मग उरतो कोर्ट ऑफ प्रोटेक्शनचा, म्हणजे समज गेलेल्यांच्या कारभाराचं बघणाऱ्या कोर्टाचा, रस्ता.

तो रस्ता काय असतो हे मी पश्चिम लंडनमधल्या एका कुटुंबात जवळून पाहिलं. काका साठीच्या आसपासचे, नोकरी चालू, तब्येत उत्तम. एका सकाळी स्ट्रोक आला. जिवावरचं निभावलं, पण बोलणं आणि समज दोन्ही गेलं. नवरा-बायकोत कसले कागद, अशी काकूंची समजूत होती. खातं जॉइंट, घर दोघांच्या नावावर. बँकेला आजारपण कळवल्यावर जॉइंट खात्यातून घरखर्चापुरतेच व्यवहार होऊ लागले. काकांच्या एकट्याच्या नावावरचं बचत खातं, खाजगी पेन्शन, कशालाही हात लावता येईना. त्यातच मॉर्गेजचा फिक्स्ड रेट संपत आला. नव्या करारावर दोघांच्या सह्या हव्या होत्या आणि काका सही करू शकत नव्हते. मॉर्गेज चढ्या व्हेरिएबल दरावर गेलं. काकू मला फोनवर म्हणाल्या, ‘अगं, इतकी वर्षं संसार केला, आणि माझी सही चालत नाही म्हणतात?’

नाही चालत. या देशात लग्नाच्या नात्याने जोडीदाराच्या पैशांवर किंवा उपचारांच्या निर्णयांवर आपोआप अधिकार येत नाही. उपचारांबाबत डॉक्टर घरच्यांना विचारतात, पण एलपीए नसेल तर रुग्णाच्या हिताचं काय ते शेवटी तेच ठरवतात.

मग काकूंनी डेप्युटीशिपचा, म्हणजे काकांचे व्यवहार बघायला कोर्टाने आपल्याला नेमावं असा, अर्ज केला. डॉक्टरांकडून कपॅसिटीचा, म्हणजे निर्णय घेण्याच्या क्षमतेचा, फॉर्म भरून घ्या, मालमत्तेची पै न् पै लिहून द्या, नातेवाइकांना नोटिसा पाठवा, हमीचा बाँड घ्या. आदेश हातात पडायला महिनोन्‌महिने गेले. अर्जाची फीच चारशे पौंडांच्या वर आहे, त्यावर दरवर्षी देखरेखीची फी आणि वार्षिक हिशेब. घर दोघांच्या नावावर, म्हणून ते विकायची वेळ आली तर त्यासाठी कोर्टात वेगळं जायचं. एलपीएच्या नोंदणीला फॉर्ममागे ९२ पौंड लागतात, नोव्हेंबर २०२५ पर्यंत तर ८२ च लागत होते. वर्षाचं उत्पन्न १२,००० पौंडांच्या आत असेल तर निम्मेच, आणि काही सरकारी भत्ते मिळत असतील तर तेही नाहीत. पैसे वाचवायला म्हणून जे थांबतात, त्यांना मी हेच आकडे दाखवते.

मग करायचं कधी? कायद्याने वयाची अट १८ पूर्ण, एवढीच. माझं मत विचाराल तर घर घेतलं की, आणि पहिलं मूल झालं की. हा म्हातारपणाचा कागद आहे असं समजणाऱ्या चाळिशीतल्या लोकांशी मी दर वेळी वाद घालते. मोटरवेवरचा अपघात वय विचारून होत नाही. दुसरी वेळ म्हणजे भारतातले आई-वडील इथे कायमचे राहायला येतात ती. त्यांची जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी करता, त्याच आठवड्यात हाही विषय काढा.

डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. कपॅसिटी त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळची बघतात. माहिती समजते का, तेवढ्यापुरती लक्षात राहते का, तोलून बघता येते का, आणि आपला निर्णय कसाही का होईना, सांगता येतो का, एवढं पुरतं. सकाळी लख्ख असणारी माणसं संध्याकाळी गोंधळतात, तेव्हा सह्या सकाळी ठेवा. निदानानंतर मात्र सर्टिफिकेट प्रोव्हायडर, म्हणजे फॉर्मवर खात्रीची सही करणारा त्रयस्थ, म्हणून डॉक्टरच घ्यावा असं माझं म्हणणं. पुढे कोणी शंका काढली तर ते उपयोगी पडतं.

आई मराठीत बोलतात, मुलगा दुभाष्या

ही खास आपल्याकडची चूक आहे, आणि ती बघून मला खरोखर राग येतो.

एलपीएवर एका त्रयस्थ माणसाची सही लागते, तो सर्टिफिकेट प्रोव्हायडर. त्याने खात्री करायची असते की सही करणाऱ्याला सगळं समजलंय आणि त्याच्यावर कोणाचा दबाव नाही. हा माणूस किमान दोन वर्षं व्यक्तिशः ओळखणारा हवा, नाहीतर डॉक्टर, सॉलिसिटर असा व्यावसायिक हवा. तुमच्या किंवा अ‍ॅटर्नीच्या कुटुंबातला चालत नाही. जावई नाही, सूनही नाही.

एका घरात मुलाने आपल्या ऑफिसातला मित्र बोलावला. आईंची आणि त्याची ओळख कधीमधी चहा देण्यापुरती. तो इंग्रजीत प्रश्न विचारतोय, मुलगा मराठीत सांगतोय आणि आईंच्या वतीने उत्तरही तोच देतोय: ‘हो हो, तिला सगळं माहीत आहे.’ आई मान डोलावतायत. आणि अ‍ॅटर्नी कोण? तोच मुलगा. नोंदणीची सूचना ज्यांना पाठवायची त्यांत धाकट्या भावाचं नाव होतं. त्याने विचारलं, ‘आई, तुला काय विचारलं त्यांनी?’ आई म्हणाल्या, ‘मला कुठे काय विचारलं?’ तिथून जे वाजलं ते वर्षभर. शेवटी सगळं रद्द करून नव्याने केलं. आई तेव्हा ठणठणीत होत्या म्हणून ते जमलं.

इंग्रजी यायलाच हवं असं कायदा कुठेही म्हणत नाही. समजेल अशा भाषेत समजावून सांगा, असं म्हणतो. म्हणून मी आईंच्या ओळखीतलंच मराठी माणूस शोधते. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या, बरीच वर्षं ओळख असलेल्या एखाद्या शिक्षिका किंवा निवृत्त डॉक्टर निघतातच. त्यांना आईंबरोबर खोलीत बसवायचं आणि मुलासुनेने बाहेर जायचं. ‘मुलाकडे का देताय? दुसरं कोणी का नको? त्याने पैसे भलतीकडे खर्च केले तर?’ असे प्रश्न मराठीत होऊ द्या. त्याच संध्याकाळी आई काय म्हणाल्या ते कागदावर लिहून, तारीख घालून ठेवायला मी त्या बाईंना सांगते. मुलांना हे अपमानास्पद वाटतं. वाटू दे. हा कागद आईचा आहे, मुलांचा नाही.

सह्यांचा क्रम

दिवाळीला सगळे एकत्र येतात, फराळाची ताटं बाजूला सारून टेबलावर फॉर्म पसरतात. मुलीला ट्रेन गाठायची असते, म्हणून ती आधी अ‍ॅटर्नीच्या पानावर सही करून निघते. बाबा जेवण झाल्यावर करतात. सर्टिफिकेट प्रोव्हायडर दुसऱ्या दिवशी येतो. फॉर्म परत!

क्रम असा: आधी अधिकार देणारा, साक्षीदारासमोर. मग सर्टिफिकेट प्रोव्हायडर. मग सगळे अ‍ॅटर्नी, बदली अ‍ॅटर्नीसुद्धा, त्यांच्या साक्षीदारांसमोर. शेवटी नोंदणीचा अर्ज करणारा. आरोग्याच्या फॉर्ममध्ये जीव वाचवणाऱ्या उपचारांबद्दलचं पाचवं कलम असतं, ती सही नवव्या कलमातल्या, म्हणजे अधिकार देणाऱ्याच्या मुख्य सहीआधी व्हायला हवी. सगळं एकाच दिवशी व्हायला हवं असं नाही, तारखा पुढेमागे नसल्या की झालं. साक्षीदार १८ वर्षांवरचा हवा, आणि अधिकार देणाऱ्याच्या सहीला अ‍ॅटर्नी साक्षीदार चालत नाही.

माझी सवय सांगते. पानांवर एक, दोन, तीन, चार अशा रंगीत चिकटपट्ट्या लावते आणि काळं पेन माझ्याच हातात ठेवते. ज्याची पाळी येईल त्यालाच पेन मिळतं. व्हाइटनर घरातच ठेवत नाही. चूक झाली तर काट मारून शेजारी आद्याक्षरं. ‘द्या हो, पटकन करून टाकतो’ म्हणणाऱ्याला मी सरळ पुढच्या रविवारी बोलावते.

फॉर्म भरून कपाटात

नोंदणी होईपर्यंत एलपीए वापरता येत नाही. ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियनकडे, म्हणजे नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, त्याला दोन-अडीच महिने लागतात, त्यातले चार आठवडे हरकतींसाठी राखलेले असतात. याहून मोठा धोका असा की कपाटातल्या फॉर्ममध्ये चूक असली आणि ती पाच वर्षांनी सापडली, तोवर माणसाची समज गेली असेल, तर ती कधीच दुरुस्त होत नाही. सह्या झाल्या की त्याच आठवड्यात पाठवा. नोंदणी झाली म्हणजे अधिकार हातचे गेले, ही भीती बिनबुडाची आहे. पैशांचं एलपीए समज शाबूत असताना तुमच्या परवानगीनेच चालतं, आणि आरोग्याचं तर समज गेल्यावरच.

दोघा भावंडांना ‘मिळूनच’ अधिकार

एक पुण्यात, एक रेडिंगला; दोघांचा मान राहावा म्हणून आई-वडील प्रत्येक निर्णयाला दोघांच्या सह्या लागतील असा पर्याय निवडतात. मग विजेचं बिल बदलायलाही पुण्याहून सही. शिवाय दोघांपैकी एक गेला किंवा त्याने माघार घेतली, तर बदली नेमलेला नसल्यास अख्खं एलपीए पडतं. ‘मिळून किंवा स्वतंत्रपणे’ हा पर्याय घ्या आणि बदली अ‍ॅटर्नी नेमाच. मुलावर एवढा विश्वास नसेल, तर त्याला नेमूच नका.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

नेट बँकिंगचा पासवर्ड मुलीला दिला म्हणजे काम झालं, असं नाही. तो अधिकार नव्हे.

फक्त पैशांचं एलपीए करून थांबू नका. केअर होममध्ये ताटात काय येणार, हा प्रश्न आरोग्याच्या एलपीएत येतो. शुद्ध शाकाहार, अंडंही नको, चतुर्थीचा उपास, मराठी बोलणारं कोणी भेटत राहावं, हे इच्छांच्या रकान्यात स्पष्ट लिहा. पण त्या रकान्यात ‘केलंच पाहिजे’ अशी भाषा नको. तशी भाषा सूचनांच्या रकान्यात जाते, आणि तिथे मी शक्यतो काही लिहू देत नाही.

अंत्यविधीच्या इच्छा इथे लिहू नका. मृत्यूबरोबर एलपीए संपतं, ते मृत्युपत्राचं काम.

आईच्या खात्यातून भाचीच्या लग्नाला रीतीप्रमाणे, ऐपतीत बसेल असा अहेर अ‍ॅटर्नीला करता येतो. नातवाच्या घराचं डिपॉझिट देता येत नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते.

जोडीदार अ‍ॅटर्नी असेल आणि घटस्फोट झाला तर, उलट लिहून ठेवलं नसल्यास, ती नेमणूक रद्द होते. कागद काढून बघा.

साध्या घराला फॉर्म भरून देण्यासाठी शेकडो पौंड मोजू नका, सरकारी संकेतस्थळावर तो फुकट भरता येतो. स्वतःचा धंदा असेल, दुसरं लग्न असेल, भावाभावांत आधीच धुसफूस असेल, तर मात्र सॉलिसिटर गाठा आणि तिथे कंजुषी नको.

हेच एलपीए पुण्याच्या फ्लॅटला चालेल?

नाही. आणि भारतातलं नेहमीचं कुलमुखत्यारपत्र याची जागाही घेत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. त्यानंतर तिथे बहुतेकदा उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. म्हणून पुण्या-नाशिकचं जे विकायचं, वाटायचं किंवा बक्षीसपत्राने द्यायचं असेल, ते आई-वडिलांना नीट समजतंय तोवर उरका. त्या कामासाठी इथून मुखत्यारपत्र पाठवत असाल, तर ते भारतीय हायकमिशनमधून साक्षांकित करून घ्या किंवा नोटरी करून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालावं म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, घ्या, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.