मोटोक्रॉस हेल्मेट घेताना या चुका टाळा: स्टिकर नका मोजू, आतलं थर्मोकोल बघा

इंदुरात एक्सपल्स आणि हिमालयन या बाइकवाले आता एवढे झालेत की पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी पोहे-जिलेबी हाणून जानापाव नाहीतर चोरलकडे निघालेली एखादी टोळी दिसतेच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर पुढे पीक, म्हणजे टोपीसारखी चोच, असलेलं मोटोक्रॉस हेल्मेट असतं. चांगलंच आहे. पण घेण्याआधी यांची जी तुलना चालते ती ऐकली की कपाळाला हात लावावासा वाटतो. भिया याचा शेल कार्बनचा आहे, त्याच्यावर डॉट पण आहे आणि ईसीई पण (हे परदेशी टेस्टचे शिक्के), अमका रेसर हेच घालतो, हे मॅट फिनिशमध्ये काय भारी दिसतं. डोकं ज्याच्यामुळे वाचतं त्याबद्दल चकार शब्द नाही.

शेलला पैसे, फोमकडे पाठ

सगळ्यात मोठी चूक हीच. आपटल्यावर बाहेरचा शेल तीन कामं करतो: मार एका जागी न ठेवता पसरवतो, टोकदार दगड आत घुसू देत नाही आणि जमिनीवर घसरतो. धक्का शोषण्याचं खरं काम आतल्या फोमचं, ईपीएसचं, म्हणजे टीव्हीच्या खोक्यात येतं तेच थर्मोकोल, फक्त जास्त दाट आणि घनता मोजूनमापून ठेवलेलं. ते चिरडतं, चिरडायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात डोकं जरा सावकाश थांबतं आणि मेंदूला बसणारा झटका कमी होतो. एकदा चिरडलं की ते परत फुगत नाही, त्यामुळे त्या जागी पुढच्या वेळी नुसता कडक पुठ्ठा असल्यासारखंच समजा.

कार्बनने वजन कमी होतं आणि दिवसभर उड्या मारणाऱ्याच्या मानेला ते जाणवतं, त्याबद्दल वाद नाही. पण कार्बन म्हणजे आपोआप जास्त सेफ, हे कुठून आलं देव जाणे. पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, आत दोन-तीन घनतेचा फोम असलेलं आणि नीट टेस्ट झालेलं हेल्मेट हे लेबलचा पत्ता नसलेल्या चकचकीत कार्बनपेक्षा कधीही बरं.

फोममध्येही गंमत आहे. खूप कडक फोम मोठ्या धडकेत छान काम करतो, पण छोट्या पडण्यात तो चिरडतच नाही आणि सगळा धक्का डोक्यात जातो, आणि आपल्यासारखे लोक पडतात ते बहुतेक वेळा तसेच, चिखलात पुढचं चाक घसरून बाजूला धप्प. म्हणून चांगल्या कंपन्या एकाच हेल्मेटात मऊ-कडक थर देतात. दुकानदाराला विचारा, आत किती घनतेचा फोम आहे? सांगता आलं नाही तर कंपनीच्या साइटवर बघा, तिथेही काही नसेल तर समजून जा.

सगळे स्टिकर सारखेच धरणं

आपल्याकडे विकायला आयएसआय मार्क लागतोच, १ जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. मार्कवर आयएस ४१५१, हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा नंबर, लिहिलेला असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर, तो सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण कोणी करत नाही.

डॉटचं वेगळं आहे. तो अमेरिकेचा नियम, तिथे कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचं हेल्मेट बसतं, सरकार आधी तपासत नाही, नंतर बाजारातून उचलून बघते. शिवाय त्यात डोक्याला ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) पर्यंतचा झटका चालतो, युरोपच्या ईसीई नियमात २७५ जीच्या वर गेलं की नापास. आणि आपल्याकडे फूटपाथवर डॉटचा नुसता स्टिकर सुटा मिळतो, त्यामुळे तो बघून भाळायचं काही कारण नाही.

ईसीईचं लेबल पट्ट्याला शिवलेलं असतं, मागे चिकटवलेल्या स्टिकरवर जाऊ नका. गोलात ई आणि एक आकडा असतो, तो कुठल्या देशाने मंजुरी दिली त्याचा, ३ म्हणजे इटली, ४ म्हणजे नेदरलँड्स, ९ म्हणजे स्पेन, आणि कोणता देश यावरून चांगलं-वाईट ठरत नाही. बघायचा तो त्याच्या खालचा नंबर. ०५ ने सुरू झाला तर जुन्या नियमाचं, २२.०५, ०६ ने सुरू झाला तर नव्या नियमाचं, २२.०६. नंबरापाशी इंग्रजी पी आहे का तेही बघा, म्हणजे हनुवटीचा भाग टेस्ट झालाय. एनपी असेल तर समोर हनुवटी दिसते पण ती वाचवेल याची हमी नाही.

२२.०६ मध्ये काय वाढलं? आधी एकाच वेगाने आपटायचे, आता कमी आणि जास्त अशा वेगळ्या वेगानेही आपटतात. कमी वेगाची मर्यादा जास्त कडक, १८० जी, म्हणजे वर म्हटलं ते छोट्या पडण्याचं प्रकरण आता नियमात आलं. आणि ४५ अंशाच्या तिरक्या ऐरणीवर, जिच्यावर सँडपेपर लावलेला असतो, हेल्मेट आपटून डोकं आत किती गर्रकन फिरतं तेही मोजतात. ही टेस्ट २२.०५ मध्ये अशी नव्हती. दोन हेल्मेट एकाच किमतीत असतील आणि एक ०५, एक ०६, तर विषय तिथेच संपतो.

टेस्टचा वेग ऐकून हसणं

ईसीईत मुख्य टेस्ट सेकंदाला साडेसात मीटर वेगाने होते, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. हे सांगितलं की पोरं हसतात, आम्ही तर ऐंशीने जातो म्हणे. अहो, पण तुम्ही ऐंशीने भिंतीत नाही शिरत, जमिनीवर पडता आणि घसरत जाता, आणि डोकं जमिनीवर किती जोरात आपटणार ते मुख्यतः उंचीवर ठरतं. साडेसात मीटरचा वेग म्हणजे जवळजवळ २.९ मीटरवरून सरळ खाली पडणं. २२.०६ ची जास्त वेगाची टेस्ट ८.२ मीटरची, म्हणजे साधारण ३.४ मीटर उंची. आता टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून, उडी चुकली की किती उंचावरून पडतो ते आठवा. बरोबर तिथेच येतं. झाड, दगड किंवा दुसऱ्याचं चाक समोर आलं तर मात्र हे गणित मोडतं आणि तिथे कुठलंही हेल्मेट जादू करत नाही. सी. एस. संतोष, डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय रायडर, २०२१ च्या डाकारला चौथ्या स्टेजमध्ये पडला, डोक्याला मार लागला आणि त्याला कोमात ठेवावं लागलं. फॅक्टरी टीमच्या रायडरचं गिअर काही फूटपाथवरचं नसतं.

मिप्स आहे ना, मग झालं

डोकं तिरकं आपटलं की कवटी फिरते पण मेंदू मागे राहतो, डबा गर्रकन फिरवला तरी आतलं श्रीखंड लगेच फिरत नाही तसं. त्या ताणाने मेंदूतले धागे ओढले जातात, शिरा तुटून रक्तस्राव होऊ शकतो. ऑक्सफर्डच्या होलबर्नने हे १९४३ मध्येच जिलेटिनच्या मॉडेलवर दाखवलं होतं, हेल्मेटवाल्यांना कळायला पुढे अर्धं शतक गेलं. मिप्स स्वीडनचं, स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्र विद्यापीठातल्या संशोधनातून आलेलं: फोम आणि डोकं यांच्यामध्ये एक पातळ गुळगुळीत थर, जो आपटल्यावर कुठल्याही दिशेने १० ते १५ मिलिमीटर सरकतो.

पण तो एकटाच उपाय नाही. सिक्सडी कंपनीवाल्यांनी फोमचे दोन थर करून मध्ये रबरासारखे छोटे डँपर बसवले, ते सरकतातही आणि कमी वेगात दबतातही. लीॲटच्या हेल्मेटात आत निळ्या चकत्या दिसतात, त्यांना ते टर्बाइन म्हणतात. बेलच्या स्फेरिकलमध्ये फोमचे दोन गोळे एकमेकांत फिरतात. आणि अराई कंपनीचं म्हणणं वेगळंच, बाहेरचा आकार गोल आणि गुळगुळीत ठेवा, अडकलंच नाही तर फिरणार कशाला. मला हे म्हणणं पटतं, पण गोल आकार आणि आत सरकणारा थर दोन्ही मिळत असेल तर दोन्ही घ्या.

इथे तुलना करताना चूक होते ती टक्क्यांची. एक कंपनी म्हणते आमच्यामुळे फिरण्याचा झटका इतके टक्के कमी, दुसरी म्हणते तितके टक्के, आणि आपण मोठा आकडा निवडतो. प्रत्येकाची टेस्ट वेगळी, वेग वेगळा, कोन वेगळा, आणि कोणाच्या तुलनेत कमी ते पण वेगळं. हे आकडे एकमेकांसमोर ठेवून काही उपयोग नाही. २२.०६ ची तिरकी टेस्ट सगळ्यांना सारखी, तोच काय तो समान आधार.

मिप्स खरं आहे का ते हाताने कळतं. एक हात आत पंजा पसरून धरा, दुसऱ्याने शेल धरून हलकेच पिळा, आतला थर थोडा सरकला पाहिजे. नुसता पिवळा स्टिकर आहे आणि आत काही हलत नाही, तर पैसे परत मागा. आणि आवाज येतो म्हणून तो थर धरून ठेवणारे रबराचे खिळे फेविक्विकने चिकटवू नका, असंही करणारे आहेत.

फिटिंग, जिथे सगळं बिघडतं

वरचं सगळं बरोबर केलं आणि साइज चुकली तर पाण्यात. दुकानात एक दृश्य नेहमीचं: पोरगा हेल्मेट घालून उभा, गाल वर आलेत, आई म्हणते, "घट्ट दिसतंय रे, एक नंबर मोठं घे, वाढतं अंग आहे." काकू, शाळेचा युनिफॉर्म नाहीये हो तो! सैल हेल्मेट आपटण्याआधीच डोक्यावरून फिरतं आणि फोम जिथे पाहिजे तिथे नसतो. पडताना निघूनही जातं.

मोजायचं कसं? शिंप्याचा टेप भुवयांच्या बोटभर वर आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग, तिथून फिरवा, सेंटीमीटर लिहून घ्या, त्या कंपनीचा चार्ट बघा, कारण एकाचं एम ते दुसऱ्याचं एल असतं. गालाचे पॅड चांगले दाबलेच पाहिजेत, बोलताना आतून गाल चावला जाईल इतके, काही दिवसांत ते बसतात. कपाळावरचा दाब मात्र बसत नाही. म्हणून दुकानात पंधरा-वीस मिनिटं घालून बसा, दुकानदार वैतागला तर वैतागू दे, काढल्यावर कपाळाच्या मधोमध लाल डाग आणि ठणका असेल तर डोकं लांबट आहे आणि हेल्मेट गोल आकाराचं आहे, मोठी साइज घेऊन हे सुटत नाही, कंपनी बदला. कानांच्या वर दुखलं तर उलटं.

मग पट्टा बांधा, डोकं पुढे वाकवा आणि मित्राला मागच्या कडेला बोटं घालून वर-पुढे ओढायला सांगा. निघालं तर नको. डावी-उजवी हलवा, गालाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. गॉगल आणि नेक ब्रेस (मानेभोवती घालायचं संरक्षक कडं) वापरत असाल तर दोन्ही घेऊनच दुकानात जा, काही हेल्मेटांची मागची कड ब्रेसला आधीच टेकते आणि मान वर करून पुढचा रस्ता दिसत नाही.

घरी आणल्यावरचे जुगाड

पीकचे प्लॅस्टिकचे स्क्रू मोडले की हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलचे आणून घट्ट कसतात, वर म्हणतात आता कधी मोडणार नाही. मोडायलाच तर दिलेत ते! पडल्यावर पीक जमिनीत रुतलं तर ते तुटून गेलं पाहिजे, नाहीतर तेच मान पिळतं. कंपनीचे स्क्रू मिळतात, दोन जास्तीचे बॅगेत ठेवा.

सैल झालं म्हणून गादीचा फोम कोंबणं, तेही नको, कंपनीचे गालाचे जाड पॅड मिळतात. आरशावर हेल्मेट टांगलं की आरशाचं टोक आतला फोम दाबून खड्डा पाडतं. पेट्रोलने तर ईपीएस विरघळतंच, म्हणून पेट्रोलच्या फडक्याने डाग पुसायचे नाहीत आणि कॅनशेजारी डिकीत ठेवायचं नाही. पॉलिकार्बोनेट शेलला स्प्रे पेंट आणि थिनर मारणं पण बंद करा, शेल ठिसूळ होतो आणि बाहेरून कळत नाही. आतलं कापड साध्या शॅम्पूने धुऊन सावलीत वाळवा, मे महिन्यातल्या आपल्या गच्चीवर नको.

अजून एक, हे हेल्मेट घालून बायपासवर शंभरने जायचं आणि मग मान दुखते म्हणून तक्रार करायची. पीक वारा पकडतो, त्याला हेल्मेट काय करणार? रस्ताच जास्त असेल तर पीक काढता येणारं, काच असलेलं ड्युअल स्पोर्ट घ्या.

पडल्यानंतर

रिकामं हेल्मेट सीटवरून खाली पडलं तर बहुतेक वेळा काही होत नाही, उगाच घाबरू नका. आत डोकं असताना आपटलं तर मात्र बदला, बाहेर ओरखडा नसला तरी, कारण चिरडलेला फोम कापडामागे असतो. सेकंड हँड घेऊ नका म्हणतात ते याचसाठी. न पडताही पाच वर्षांनी बदलावं असं स्नेलवाले (हेल्मेट तपासणारी अमेरिकेतली संस्था) सांगतात, बनवल्याची तारीख आत किंवा पट्ट्यावर छापलेली असते, ऑफरमधलं हेल्मेट दुकानातच तीन वर्षं जुनं असू शकतं.

आणि बरोबर जाणाऱ्यांना एक गोष्ट आधीच दाखवून ठेवा. बऱ्याच मोटोक्रॉस हेल्मेटांना गालाच्या पॅडखाली लाल टॅब असतात, ते ओढले की पॅड निघतात आणि मान न हलवता हेल्मेट काढता येतं. चोरलच्या जंगलात कोणी पडला की गर्दीतला पहिला माणूस हेल्मेट खेचायला आणि दुसरा पाणी पाजायला धावतो. श्वास नीट चालू असेल तर काढूच नका, मान धरून ठेवा, ॲम्ब्युलन्स येऊ द्या. काढावंच लागलं तर एकाने मान-हनुवटी धरायची, दुसऱ्याने आधी पट्टा, मग लाल टॅब, आणि मगच हेल्मेट.