आर्टरीच्या सांध्यात अडकलेलं रक्त

ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं इन्स्ट्रुमेंट निर्जंतुक करणारं यंत्र) जंतू मारतो, घाण काढत नाही. आर्टरीच्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्याच्या, सांध्यात रक्ताचा थर राहिला की वाफ आतपर्यंत पोचत नाही. ड्रमवरच्या (इन्स्ट्रुमेंट ठेवायच्या डब्यावरच्या) टेपला काळ्या रेघा तरीही येतात, कारण टेप फक्त ड्रम तापला एवढंच सांगते.

आपल्याकडे मे महिन्यात रक्त बघता बघता वाळतं. म्हणून ऑपरेशन संपलं की लगेच इन्स्ट्रुमेंटवर साध्या पाण्यात भिजवलेलं कापड टाका. सलाइन नको, त्यातल्या मिठानं स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि पुढच्या वेळी रक्त तिथंच दडून बसतं. पहिलं धुणं ४५ अंशांखालच्या पाण्यात, नाहीतर रक्तातलं प्रोटीन गोठून चिकटतं. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटका देतं, तेव्हा सकाळीच दोन बादल्या भरून ठेवा.

रक्त सोडवणाऱ्या एन्झाइमचं द्रावण बाटलीवर लिहिलंय त्याच मापानं करा, अंदाजानं ओतू नका. आर्टरी पूर्ण उघडा आणि सांधा व दाते पाण्याखाली धरून मऊ ब्रशनं घासा. पाण्याबाहेर घासलं तर शिंतोडे तोंडावर येतात. तारेची घासणी ऑपरेशन थिएटरमध्ये नकोच. पोकळ नळीला आतून घासून निघेल असाच ब्रश हवा. सैल ब्रश नुसता आरपार जातो.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात बोअरच्या पाण्यानं शेवटचं खळबळणं म्हणजे डाग आणि गंज ओढवून घेणं. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घ्या, तेही ताजं. साठलेल्या पाण्यातल्या जंतूंचं एंडोटॉक्सिन (जंतू मेले तरी मागं राहणारं विष) १२१ अंशांनाही जात नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जंतूंशिवायही डोळा सुजतो, त्याचं हे एक कारण.

शंका आली तर सांध्यावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका (बाटली ६ टक्क्यांची असेल तर तेवढंच पाणी मिसळा). बुडबुडे आले की रक्त आहे असं धरा, पुन्हा घासा, नीट खळबळा. मग वाळवा.

साध्या ऑटोक्लेव्हमध्ये गुंडाळलेल्या सेटला १२१ अंश, १५ पौंड दाब, ३० मिनिटं. वेळ मोजायची ती तापमान गाठल्यावर. मध्येच लाइन गेली तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

हाडाच्या सेटमधले न वापरलेले स्क्रूही दर केसला रक्ताळतात आणि त्यांच्या डोक्यातली खाच कुणी बघत नाही. भिंगाखाली बघा. खाच काळी दिसली तर तो स्क्रू बाद. शक्य तिथं बंद पाकिटातलेच मागवा.