पहिल्या नोकरीची मुलाखत: या चुका टाळा

परीक्षा संपली की अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, लक्ष्मी रस्त्यावरची कापड दुकानं, एफसी रोडचे कॅफे इथे हंगामी कामाची चौकशी करणारी मुलं दिसू लागतात. अनुभव नाही म्हणून त्यांना सहसा कोणी परत पाठवत नाही. सोळा-सतराव्या वर्षी तो नसणारच. गाडी अडते ती दुसरीकडे.

"कधीही चालेल, सर"

सगळ्यात महागात पडणारं उत्तर हेच. मालकाला माणसांच्या पाळ्या लावायच्या असतात. क्लास किती ते किती, अकरावीच्या प्रवेशफेरीत नाव लागलं तर काय, गावाला कधी जाणार, हे घरीच कागदावर मांडा. "सोमवार ते शनिवार 10 ते 3, कॉलेज सुरू होईपर्यंत" असं थेट सांगणाऱ्या मुलाशी बोलणं पुढे सरकतं. क्लास लपवून काम मिळवलंत, तर ऐन जूनच्या गर्दीत बिंग फुटेल.

वय वाढवून सांगणं

आधार कार्ड मागितलं की खेळ खलास. शिवाय नियम तुमच्याच बाजूने आहेत: 14 ते 18 वयातल्यांना संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत कामावर ठेवता येत नाही, आणि विश्रांती धरून दिवसाचे 6 तास ही मर्यादा आहे. "रात्री दुकान बंद करूनच जायचं" अशी अट घातली, तर नम्रपणे नाही म्हणा. डिलिव्हरीचा विचार असेल तर 16 व्या वर्षी मिळणारं लायसन्स 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरतं असतं. घरची अ‍ॅक्टिव्हा त्यात बसत नाही.

आईने उत्तरं देणं

सोबत येऊ द्या, पण बाहेर थांबू द्या. "तो खूप हुशार आहे हो" हे आईकडून ऐकून कोणालाच नोकरी मिळालेली नाही.

नेटवरून उचललेला बायोडाटा

"डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड" लिहिलेला सतरा वर्षांचा मुलगा समोर बसला की हसू आवरावं लागतं. त्यापेक्षा गणेशोत्सवात मंडळाची वर्गणी गोळा करून हिशोब ठेवला असेल तर तेच लिहा. पावतीपुस्तक कोणाकडे होतं, रोख आणि ऑनलाइन रक्कम कशी जुळवली, हे सांगता आलं की गल्ल्यावर बसवायला हरकत नाही एवढं समोरच्याला कळतं.

दुकानात तोंडी हिशोबही घालतात. बिल 347, ग्राहकाने 500 ची नोट आणि वर 47 रुपये सुटे दिले, परत किती? मोबाइल काढू नका, शांतपणे "200" म्हणा. किंवा विचारतील, ग्राहकाने पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट दाखवला पण साउंडबॉक्स बोललाच नाही, तर? "पैसे जमा झालेत का ते मालकांना विचारून मगच वस्तू देईन" हे उत्तर चालतं. काहीच सुचलं नाही, तर "माहीत नाही, दाखवलंत तर शिकेन" म्हणा. थापा लगेच ओळखू येतात.

पगार न विचारणं

लाज वाटते खरी. पण रोजावर की महिन्यावर, रोख की खात्यात, सुट्टीचे पैसे कापणार का, हे तिथेच विचारा. उलट "युनिफॉर्मचं डिपॉझिट", "रजिस्ट्रेशन फी" आधी मागितली तर तिथून उठा. कागदपत्रांच्या झेरॉक्स द्या. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र कोणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, कॉलेजच्या प्रवेशाला तोच लागणार आहे.