टर्बो निवडायचाय? आधी हवेचं वजन काढा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये इंटर्नशिप सुरू केली तेव्हा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस, चालू होता. पहिलंच काम मिळालं: १.५ लिटरच्या डिझेल इंजिनाला ४००० आरपीएमवर किती हवा लागेल ते काढ, मग टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र) ठरवू.

आकारमान चटकन निघतं. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतं, म्हणून १.५ गुणिले २०००, मिनिटाला ३००० लिटर. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो ते प्रमाण) ०.९ धरली की २.७ घनमीटर.

पण कंप्रेसर मॅपवर, म्हणजे टर्बोचा हवा दाबणारा भाग किती दाबाला किती हवा देतो त्या आलेखावर, हवा वजनात असते, म्हणून घनता हवी: दाबाला २८७ (हवेचा वायू-स्थिरांक) आणि तापमानाच्या गुणाकाराने भागायचं, पास्कल आणि केल्विनमध्ये. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, १ बार, म्हणून मी दाबही १ बारच धरला. उत्तर आलं मिनिटाला २.८ किलो. वही घेऊन मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी बंद इंजिनावरच्या बूस्ट गेजकडे बोट दाखवलं.

"काटा शून्यावर हाय ना? मंग या खोलीत हवा नाही का रे पोरा?"

तेवढ्यात सगळं समजलं. गेज दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, इथला दाब साधारण ०.९७ बार; तो मिळवला की १.९७. टर्बोत तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरनंतरची हवा ६० अंश, म्हणजे ३३३ केल्विन. घनता २.०६, आणि हवा मिनिटाला ५.६ किलो. जवळजवळ दुप्पट! आधीच्या आकड्यावर टर्बो घेतला असता तर फारच लहान पडला असता. बूस्ट घनतेत आलाच आहे, म्हणून एफिशियन्सी १.८ धरून तो पुन्हा मोजू नका. ही चूकही नवखी मुलं हमखास करतात.

प्रेशर रेशो, म्हणजे कंप्रेसरनंतरचा दाब भागिले आधीचा दाब, हासुद्धा निरपेक्ष (वातावरणासकट मोजलेल्या) दाबांचाच. एअर फिल्टरमुळे कंप्रेसरच्या तोंडाशी ०.९५ बारच उरतो, आणि इंटरकूलरमध्ये थोडा दाब जातो म्हणून कंप्रेसरने २ बार द्यायला हवेत. रेशो २.१.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. मॅप ज्या तापमान-दाबावर काढलेला असतो ते त्याच्या कोपऱ्यात छापलेलं असतं. आपला आकडा त्यानुसार दुरुस्त करूनच बिंदू मांडा.

आणि एकाच बिंदूवर थांबू नका. १५०० आरपीएमला त्याच बूस्टवर हवा २.१ किलो. माझा तो बिंदू मॅपवरच्या सर्ज लाइनच्या डावीकडे गेला, जिथे हवा कमी पडून कंप्रेसरमधला प्रवाह उलटा झटके खातो, म्हणून तिथला बूस्ट ०.६ बारवर आणून मी गणित पुन्हा पहिल्यापासून मांडलं.